परसातली भाजी एकदम लगडते तेव्हा: वानवळा, साठवण आणि तासांचा हिशेब

प्रश्न थोडक्यात असा आहे. उन्हाळ्यात परसातले टोमॅटो, काकड्या, घेवडा, वांगी, दुधी असे सगळे एकाच पंधरवड्यात येते. घरात खाणारी माणसे चार. शेजारी वानवळा द्यावा तर त्यांचेही वेल तसेच लगडलेले. निम्मी भाजी सुकते, सडते आणि शेवटी खड्ड्यात जाते. ही भाजी खाण्यात, टिकवण्यात आणि वाटण्यात नेमके काय करावे?

भाजी फार आली म्हणून वाया जात नाही. तोडल्यावर तिचे काय करायचे हे त्याच दिवशी ठरत नाही, म्हणून जाते. दुसरे असे की सगळ्या घरांत एकच वस्तू असेल तर कच्चा माल इकडून तिकडे फिरवून काही साधत नाही. अशा वेळी मेहनत, भांडी आणि फ्रीजरमधली जागा वाटून घ्यायची असते.

तोडणीपासून सुरुवात करू, कारण निम्मे नुकसान तिथेच होते. पानांवरचे दव सुकले की लगेच, ऊन चढण्याआधी भाजी तोडा. ओल्या वेलात हात घातला तर रोग एका झाडावरून दुसऱ्यावर जातो, घेवड्यात तर हमखास. दुपारी तोडलेले फळ दिवसभराची उष्णता पोटात घेऊन येते आणि टोपलीत तसेच तापत राहते. काकडी, दोडका, घेवडा, भेंडी एक दिवसाआड तोडावीच लागते, खायची असो वा नसो. एखादी काकडी पानाआड राहून जून झाली, तिच्यात बी भरले, की वेल नवी फळे धरणे कमी करतो. फळ ओढू नका, कात्रीने थोडा देठ ठेवून कापा. टोमॅटो उथळ क्रेटमध्ये दोन थरांपेक्षा जास्त रचू नका. खालच्या थराला पडलेला दाब त्या दिवशी दिसत नाही, तिसऱ्या दिवशी काळा डाग होऊन वर येतो.

घरी आणल्यावर सगळे एकदम धुऊन ठेवू नये. ओलसर सालीवर बुरशी लवकर धरते. आधी निवडायला बसा आणि तीन ढीग करा. पहिल्यात तडकलेले, टोचलेले, पूर्ण पिकलेले, म्हणजे आजच शिजणारे. दुसऱ्यात दोन-तीन दिवस निघतील असे धडधाकट. तिसऱ्यात थांबू शकणारे: कच्चे टोमॅटो, कडक सालीचा लाल भोपळा, वाळवलेला कांदा. बुरशी धरलेले किंवा वास येणारे फळ कोणत्याच ढिगात नाही. डाग कापून उरलेले वापरण्याचा मोह मऊ फळात तरी टाळा, कारण बुरशीचे धागे दिसतात त्याहून खोल गेलेले असतात. वानवळा द्यायचा तो दुसऱ्या ढिगातून. पहिल्या ढिगातले दुसऱ्याच्या दारात ठेवणे म्हणजे आपले काम त्याच्या गळ्यात घालणे.

आता साठवण. सगळे फ्रीजमध्ये कोंबणे ही सर्रास होणारी चूक आहे. काकडी, वांगी आणि टोमॅटो यांना फार थंडी सोसत नाही. दहा अंशांखाली काही दिवस राहिली की काकडीवर पाणचट खड्डे पडतात, वांग्याच्या बिया काळवंडतात, टोमॅटोची चव जाते आणि गर पिठूळ होतो. टोमॅटो १८ ते २१ अंशांत, देठाची बाजू खाली करून ठेवले तर नीट पिकतात. हवा तीस अंशांच्या वर गेली की लाल रंग धरत नाही, फळ पिवळट-नारिंगी राहते. त्याला झाडाचा दोष समजू नये. काकडीला १० ते १२ अंश मानवतात, पण ती पिकत्या टोमॅटोंच्या शेजारी ठेवू नका. पिकणाऱ्या फळातून इथिलीन वायू निघतो आणि काकडी दोन दिवसांत पिवळी पडते. घेवडा ५ ते ७ अंशांत आठवडाभर चांगला राहतो. पालेभाजीला मात्र जितकी थंडी तितके बरे, फक्त गोठू द्यायची नाही. मक्याच्या कोवळ्या कणसाला तर वाट पाहणेच माहीत नाही. तीस अंशांच्या उकाड्यात एका दिवसात त्यातली निम्म्याहून अधिक साखर स्टार्चमध्ये बदलते. म्हणून आधी चुलीवर पाणी ठेवावे आणि मग कणीस तोडायला जावे.

वीज नसेल किंवा फ्रीज भरला असेल तर दोन मडक्यांची युक्ती उपयोगी पडते. एक मोठे, न झिलईचे मडके, त्यात लहान मडके, दोन्हींच्या मधल्या जागेत ओली वाळू आणि वर ओले फडके. बाहेरच्या मडक्यातून पाणी झिरपून उडते आणि आतली उष्णता ओढून नेते. जुन्याच तत्त्वावर नायजेरियातील शिक्षक मोहम्मद बाह अब्बा यांनी हे साधन गावोगाव पोहोचवले आणि त्याबद्दल त्यांना २००० साली रोलेक्स पुरस्कार मिळाला. मडके सावलीत आणि वाऱ्याच्या जागी ठेवा, वाळूला सकाळ-संध्याकाळ पाणी घाला. हवा कोरडी असेल तरच हे चालते. दमट हवेत पाणी उडतच नाही, मडके थंड होत नाही, आत फक्त ओल राहते आणि भाजी सडते. काकडी, वांगी, मिरच्या, टोमॅटो यांना ही मध्यम थंडी फ्रीजपेक्षा जास्त मानवते.

टिकवण्याच्या पद्धतींपैकी जिच्यात चूक झाली तरी जिवावर बेतत नाही, ती आधी शिकावी. म्हणून क्रम असा सुचवतो: गोठवणे, वाळवणे, मिठाच्या पाण्यात आंबवणे आणि सर्वांत शेवटी बाटलीबंद करणे. पहिल्याच वर्षी बाटल्या भरण्याच्या मागे लागू नये.

गोठवण्यात टोमॅटो सर्वांत सोपे. धुवा, पुसा, देठाकडचा कडक भाग कापून काढा आणि अख्खेच ताटात मोकळे ठेवून गोठवा, मग पिशवीत भरा. वापरताना नळाच्या पाण्याखाली धरले की साल हातात निघते. तडाखेबंद मोसमात, पातेले मांडायला वेळ नसतो त्या दिवशी, हाच मार्ग. मिरच्याही न उकळता, चिरून थेट गोठवता येतात. घेवडा, भेंडी, वांगी आणि मका मात्र आधी उकळत्या पाण्यातून काढाव्या लागतात. कच्च्या भाजीतली एन्झाइम्स, म्हणजे तिच्यात रासायनिक बदल घडवणारी प्रथिने, थंडीत मंदावतात, थांबत नाहीत. दोन महिन्यांत रंग जातो आणि गवतासारखा वास येतो. एक किलो भाजीला आठ लिटर पाणी घ्या. पाणी कमी घेतले तर भाजी टाकल्यावर ते पुन्हा उकळायला वेळ लागतो, आणि तोवर भाजी नुसती मऊ होत बसते. पुन्हा उकळी आली की घड्याळ लावा: घेवडा ३ मिनिटे, लहान भेंडी ३ आणि मोठी ४, वांग्याच्या चकत्या ४, पालेभाजी २. मक्याची कणसे ४ मिनिटे उकळून, गार करून मग दाणे काढा. जितका वेळ उकळले तितकाच वेळ बर्फाच्या पाण्यात, नंतर कापडावर पूर्ण कोरडे करून ताटात एकेरी थर. ओले भरले की दगडासारखा एकच गोळा होतो.

फ्रीजर एका दिवसात किती गोठवू शकतो याकडे कोणी लक्ष देत नाही. शंभर लिटरच्या फ्रीजरमध्ये एका वेळी तीन ते चार किलोपेक्षा जास्त ताजा माल घालू नका. दहा किलो कोंबले तर सगळेच हळूहळू गोठते, आत मोठे बर्फकण होतात, आणि वितळल्यावर भाजीचे पाणी पाणी होते. उणे १८ अंशांत भाजी आठ ते बारा महिने चांगली राहते. वीज गेली तर दार उघडू नका. पूर्ण भरलेला फ्रीजर सुमारे ४८ तास धरतो, निम्मा भरलेला २४ तास. म्हणून रिकामी जागा पाण्याच्या बाटल्यांनी भरून ठेवा.

वाळवणाला ऊन लागते तसा वाराही लागतो. तापमान तीसच्या वर आणि हवेतली आर्द्रता साठ टक्क्यांच्या खाली, हे दोन्ही जुळले तरच उघड्यावर वाळवा, नाहीतर ओव्हन किंवा वाळवणी यंत्रात साठ अंशांवर. टोमॅटोच्या चकत्या पाच-सहा मिलिमीटरच्या, सगळ्या सारख्या. जाळीवर ठेवा म्हणजे खालूनही हवा लागते, वर पातळ कापड घाला आणि संध्याकाळी आत घ्या. रात्रीची दमट हवा दिवसभराचे काम परत ओले करते. सुरुवातीलाच फार उष्णता दिली तर वरची साल कडक होते, आतले पाणी कोंडते आणि वरून खडखडीत दिसणारी चकती महिन्याने आतून बुरसते. टोमॅटो चामड्यासारखा चिवट झाला, दाबल्यावर ओल आली नाही, की झाला. घेवडा, भेंडी तुटतील इतकी कडक हवीत. टोमॅटोत ९४-९५ टक्के पाणीच असते. १० किलोंचे जेमतेम ६०० ते ८०० ग्रॅम उरतात. थंड झाल्यावर बरणी दोन तृतीयांशच भरा आणि आठ-दहा दिवस रोज हलवा. काचेला आतून दव दिसले तर सगळे पुन्हा वाळवायला काढा. ही पायरी गाळल्यामुळे पुष्कळ वाळवण बिघडते.

मिठाच्या पाण्यात आंबवलेली काकडी हा या दिवसांतला सर्वांत आनंदाचा पदार्थ आहे, आणि त्याला इंधन लागत नाही. एक लिटर पाण्याला पन्नास ग्रॅम मीठ. मीठ तराजूवर मोजा, चमच्याने नाही. बारीक आणि जाड मिठाचा एकच चमचा वजनात बराच वेगळा भरतो. पन्नास ग्रॅम ऐकायला जास्त वाटते, पण काकडीतले पाणी त्यात मिसळते आणि किलोभर काकडीला लिटरभर पाणी असेल तर शेवटी खारटपणा अडीच टक्क्यांच्या आसपास येतो. काकड्या त्याच दिवशी तोडलेल्या, बोटाएवढ्या ते वीतभर, कोवळ्या घ्या. एक दिवस पडून राहिलेल्या आतून पोकळ निघतात. फुलाकडचे टोक दोन मिलिमीटर कापून टाका. तिथल्या एन्झाइममुळे काकडी गिळगिळीत होते. देठाकडचे टोक ते नव्हे, हे लक्षात ठेवा. नळाच्या पाण्यात क्लोरीन असेल तर ते उकळून गार करून घ्या. काकड्या पाण्याखाली पूर्ण बुडाल्या पाहिजेत, वर स्वच्छ काचेचे किंवा चिनी मातीचे वजन ठेवा. झाकण सैल ठेवा, कारण वायू सुटतो. १८ ते २२ अंशांत आठवड्यात आंबटपणा येतो. २४ च्या वर गेले की त्या मऊ पडू लागतात, म्हणून घरातली सर्वांत थंड जागा शोधा आणि हवी तशी चव आली की फ्रीजमध्ये न्या. पाणी गढूळ होणे ठीक. वर आलेला सपाट, पांढरा, सुरकुतलेला पापुद्रा काढून टाकता येतो. लोकरीसारखी, निळी-हिरवी-काळी वाढ दिसली किंवा वास कुजका आला तर अख्खी बरणी टाका. चिरलेल्या किंवा किसलेल्या भाजीला वेगळे पाणी नको. भाजीच्या वजनाच्या दोन ते अडीच टक्के मीठ चोळले की तिचेच पाणी सुटते.

आता बाटल्या, आणि इथे नियम वाकवायचे नाहीत. बोटुलिझम या जीवघेण्या विषबाधेचे जंतू हवाबंद जागेत, आम्लता कमी असेल तिथे, म्हणजे पीएच (आम्लतेचे माप, आकडा कमी तितकी आम्लता जास्त) ४.६ च्या वर वाढतात आणि त्यांचे विष चवीला, वासाला कळेलच असे नाही. टोमॅटोचा पीएच ४.३ ते ४.९ च्या आसपास फिरतो, म्हणजे नेमका उंबरठ्यावर. म्हणून लिटरच्या बाटलीत ३० मिलिलिटर विकतचा बाटलीबंद लिंबूरस किंवा अर्धा छोटा चमचा सायट्रिक आम्ल घालावेच लागते. ताज्या लिंबाचा रस यासाठी घेऊ नये, कारण त्याचा आंबटपणा फळागणिक बदलतो. आंबट लागले तर साखर घाला, लिंबू कमी करू नका. मेलेल्या किंवा करपलेल्या झाडावरचे आणि सडू लागलेले टोमॅटो बाटलीत घालू नका, त्यांची आम्लता घटलेली असते.

लिटरभर गराला साधारण सव्वा ते दीड किलो टोमॅटो लागतात. उकळत्या पाण्यात अर्धा ते एक मिनिट घालून साल काढा, फोडी करा. सगळ्या फोडी एकदम पातेल्यात टाकू नका. एक षष्ठांश फोडी मोठ्या आचेवर ठेचत लगेच उकळा आणि उरलेल्या थोड्या थोड्या ढवळत घाला. चिरल्याबरोबर टोमॅटोतली एन्झाइम्स गराला दाटपणा देणारे पेक्टिन तोडू लागतात. झटपट तापवले तर ती निष्प्रभ होतात. म्हणूनच निवांत शिजवलेल्या गराच्या बाटलीत खाली पाणी आणि वर चोथा असे दोन थर होतात. सगळे पाच मिनिटे उकळून गरम बाटल्यांत भरा, वर सव्वा सेंटिमीटर जागा सोडा, काठ पुसा, झाकण लावा. पाणी झाकणांच्या वर अडीच सेंटिमीटर हवे. उकळी आल्यापासून लिटरच्या बाटलीला ४५ मिनिटे, अर्ध्या लिटरला ३५. हा हिशेब समुद्रसपाटीपासून ३०० मीटरपर्यंतचा. त्यावर ९०० मीटरपर्यंत पाच मिनिटे वाढवा, १८०० पर्यंत दहा, त्याहून वर पंधरा. उंचावर पाणी कमी तापमानाला उकळते, म्हणून हा फरक. गार झाल्यावर झाकण मधोमध दाबून वर-खाली होत असेल तर ती बाटली फ्रीजमध्ये ठेवून आठवड्यात संपवा.

या गरात आपल्या मनाने कांदा, लसूण, मिरची घालून भरू नका. त्यांनी आम्लता बदलते आणि वर दिलेली मिनिटे लागू राहत नाहीत. ते वापरताना घाला. घेवडा, मका, भेंडी, भोपळा कितीही वेळ उकळले तरी साध्या उकळत्या पाण्यात बाटलीबंद करण्याजोगे नाहीत. त्यांना खास दाबयंत्रात सुमारे ११६ अंश लागतात आणि भात शिजवायचा कुकर त्याचे काम करत नाही. ते गोठवा. लसूण, मिरची किंवा पाला तेलात घालून कपाटात ठेवणेही तितकेच धोक्याचे आहे. असे तेल फ्रीजमध्ये चार दिवस, त्यापुढे फ्रीजर.

एका घराने हे सगळे एकट्याने करणे दमवणारे आहे, आणि गावाचा खरा फायदा इथेच आहे. पाच घरांनी टोमॅटोचा एक दिवस ठरवावा. एकाचे मोठे पातेले, दुसऱ्याची चाळणी, तिसऱ्याच्या बाटल्या, चौथ्याचा फ्रीजर. २० किलोंचा साधारण १३ ते १६ लिटर गर होतो, आणि धुणारा, चिरणारा, चुलीवरचा आणि भरणारा अशी साखळी धरली तर तो एका सकाळी उरकतो. वाटणी कामाला लागण्याआधी पाटीवर लिहून ठेवा, नंतर नाही. निम्मा गर आणलेल्या टोमॅटोंच्या वजनावर आणि निम्मा कामाच्या तासांवर, हा हिशेब मला न्याय्य वाटतो. त्यामुळे ज्याच्याकडे परस नाही पण हात आहेत, त्यालाही हक्काने वाटा मिळतो आणि कोणाला उपकाराचे ओझे वाटत नाही.

कच्चा वानवळा द्यायचाच तर आधी विचारा: कोणती भाजी, किती, आणि कोणत्या दिवशी? एका वृद्ध जोडप्याला तीन काकड्या पुरतात. टोपलीभर दिल्या तर त्या त्यांच्या घरी सडतात आणि पुढच्या वेळी ती दोघे नको म्हणतात. ज्यांना चिरणे-सोलणे अवघड जाते त्यांना निवडून, मोडून दिलेला घेवडा जास्त उपयोगी. फवारणी केली असेल तर डब्यावर लिहिलेले थांबण्याचे दिवस उलटल्याशिवाय काहीही देऊ नका. आणि दुधी, दोडका, काकडी, भोपळा देण्याआधी प्रत्येक वेलाच्या एका फळाची कच्ची फोड जिभेच्या टोकाला लावून पाहा. झणझणीत कडू लागली तर थुंकून टाका आणि त्या वेलाचे एकही फळ खाऊ नका, कोणाला देऊ नका. तो कडवटपणा कुकुर्बिटासिन या विषारी द्रव्याचा असतो, शिजवून जात नाही आणि त्याने जुलाब, उलट्या होऊन माणूस गंभीर आजारी पडतो. कडू रस औषधी म्हणून पिऊ नये, हे घरोघर सांगायला हवे.

आलेला माल सगळ्यांनी एकत्र बसून खाणे हा तर सर्वांत सोपा मार्ग. टोमॅटो अर्धे करून, कापलेली बाजू वर ठेवून, मीठ-तेल लावून १५० अंशांवर दोन-अडीच तास भाजले की परातभर टोमॅटो एका ताटात मावतात आणि चव दाट होते. दुधी किसून किलोला एक छोटा चमचा मीठ लावून अर्धा तास ठेवा, पिळा, मग शिजवा. पाण्यात पोहणारी भाजी होत नाही. जून काकडी मधोमध चिरून बिया खरवडा आणि उरलेला गर कोशिंबिरीला किंवा गार सारात घाला. शिजलेले अन्न बाहेर दोन तासांपेक्षा जास्त नको, हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एकच तास. उरलेले मोठ्या पातेल्यात झाकून ठेवले तर मध्यभाग रात्रभर कोमट राहतो. उथळ भांड्यांत पाच सेंटिमीटरचा थर करून गार करा.

प्रत्येक बरणीवर आणि पिशवीवर पदार्थ, तारीख, मिठाचे प्रमाण आणि कोणाच्या परसातला ते लिहा. गोठवलेला दुधी आणि गोठवलेली काकडी मार्चमध्ये ओळखू येत नाही. सोबत एका वहीत कोणती भाजी कोणत्या आठवड्यात किती किलो जास्त झाली ते टिपा. पुढच्या पेरणीच्या आधी पाच घरांनी त्या वह्या एकत्र पाहाव्यात. घेवडा सगळ्यांनी एकाच दिवशी न पेरता दर दोन-तीन आठवड्यांनी एका घराने पेरावा, काकडीचे वेल दोघांनीच लावावेत, तिसऱ्याने तेवढ्या वाफ्यात टिकणारा भोपळा घ्यावा. तो भोपळा काढताना देठ पाच सेंटिमीटर ठेवा, २७-२९ अंशांच्या उबदार, हवेशीर जागी दहा दिवस साल पक्की होऊ द्या आणि मग थंड, कोरड्या खोलीत फळ फळाला चिकटणार नाही असे मांडा. दोन-तीन महिने सहज निघतात.

बियाण्यासाठी मात्र उरलेसुरले फळ ठेवू नका. मोसमाच्या सुरुवातीला, सर्वांत निरोगी झाडावरचे पहिले चांगले फळ दोरा बांधून राखून ठेवा आणि तोडणाऱ्या प्रत्येकाला तो दोरा दाखवा.